लालतोंड्या

“तुमचं तोंड मधूनमधून लाल होतं का हो? अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं?” डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, एका कोऱ्या कागदावर आतड्याचं चित्र काढत होत्या. आणि मी काय उत्तर द्यावं? “नाही हो मॅडम, मी पीत नाही.” जिभेला सवयच लागली आहे ना! चार वर्षं झाली, कोणी माझ्या तोंडाचं नाव काढलं की हे वाक्य आपोआप बाहेर पडतं, दार वाजलं की कुत्रं भुंकतं तसं. त्यांनी मान वर केली. “मी कुठं म्हटलं तुम्ही पिता म्हणून?” झालं. एवढं त्या बोलल्या आणि छातीतून ती ऊब वर चढायला लागली. गळा, मग गाल, मग कान. चंद्रपूरच्या त्या थंडगार खोलीत, डोक्यावर यंत्राची हवा सुटलेली असताना, माझं तोंड चुलीपुढे बसल्यासारखं तापलं. मी रुमाल काढून तोंड झाकायला लागलो तर त्या म्हणाल्या, “झाकू नका, बघू द्या.” पेन ठेवून त्यांनी माझी नाडी धरली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. बाप्पा! माझ्या लाल तोंडाकडे कोणी तिरस्काराशिवाय बघू शकतं हे मी विसरूनच गेलो होतो. मला वाटलं आता आपण या बाईच्या टेबलावर डोकं टेकून रडणार. ऊब ओसरली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “देवाजी, हे दारूचं नाही. हे गाठीचं आहे.”

मी ग्रेडर आहे. म्हणजे आमच्या चामोर्शीकडच्या सहकारी संस्थेच्या धान खरेदी केंद्रावर बसतो. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे बाहेर काढायचे, तळहातावर रगडायचे, दाताखाली धरून ओलावा बघायचा आणि सांगायचं, हा अ दर्जा, हा साधारण, हा घेऊन जा घरी आणि वाळवून आण. उभी हयात त्यात गेली. त्यामुळे मागच्या खेपेला माझ्या बरगडीखाली सुई खुपसून यकृताचा तुकडा काढला तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या देवाजी, आता तुम्ही पोतं. त्या तुकड्याचा रिपोर्ट आता टेबलावर होता. ग्रेड दोन. ग्रेड हा शब्द कानावर पडताच मी खुर्चीत ताठ बसलो, जसा काही धंद्यातलाच विषय निघाला. बाई समजावून सांगत होत्या, तुकड्यातल्या पेशींना रंग देतात आणि मोजतात, शंभरातल्या किती वाढायच्या तयारीत आहेत ते. तीनच्या आत असल्या तर ग्रेड एक, वीसपर्यंत दोन, त्याच्या वर तीन. तुमच्या अकरा निघाल्यात. “म्हणजे मधला माल,” मी म्हणालो. त्या हसल्या आणि हसल्याबद्दल ओशाळल्या. मग म्हणाल्या, ग्रेड म्हणजे गाठ किती घाईत आहे ते. ती कुठवर पोहोचली ते वेगळं. ही लहान आतड्यात सुरू झाली, यकृतात बऱ्याच ठिकाणी गेली. ती एक रस सोडते. आतड्यात असते तोवर यकृत तो रस गाळून टाकतं, पण यकृतातच गाठी झाल्या की रस सरळ रक्तात उतरतो. मग तोंड लाल होतं, जुलाब लागतात. रागावलं, घाबरलं, लाज वाटली, तिखट खाल्लं, कशानंही. “लाज वाटली की?” मी विचारलं. “हो,” त्या म्हणाल्या, “मनाला धक्का बसला की तर हमखास.”

हमखास. तो एक शब्द मी बसस्टँडपर्यंत तोंडात घोळवत आलो. म्हणजे कोणी म्हणायचं देवाजी पितो, मला लाज वाटायची, तोंड लाल व्हायचं, आणि लोक म्हणायचे पाहा, प्यालेलाच आहे. माझ्यावर आरोप व्हायचा आणि माझंच तोंड जाऊन साक्ष द्यायचं. अशा माणसाचं वकीलपत्र कोण घेणार! आणखी एक गोष्ट मी विचारली होती, सगळे विचारतात तीच. किती दिवस? बाई म्हणाल्या, या गाठी हळू चालतात. ग्रेड दोनची माणसं यकृतात पसरल्यावरसुद्धा महिन्याच्या इंजेक्शनावर वर्षंच्या वर्षं काढतात. मला जरा बरं वाटलं. पण त्यांचा पेन आतड्यावरून सरकत छातीकडे गेला तेव्हाच मी ओळखलं की पोत्याच्या तळाशी वेगळा माल आहे. तो रस इतकी वर्षं हृदयातून जातोय, त्या म्हणाल्या, उजव्या बाजूची झडप आखडली आहे. तुमच्या पायावरची सूज त्याची. नागपूरला विचारून बघू, पण ऑपरेशन सोसण्याइतकं ते राहिलंय असं वाटत नाही. गाठीच्या आधी हृदय थकेल. हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मीच त्यांना “बरं बरं” म्हणालो. मग त्यांनी विचारलं, “तोंड लाल व्हायला लागलं तेव्हा का नाही आलात? पोहोचली होती तेव्हाही यकृतात, ते खरं. पण थोडी असेल, ग्रेडही कदाचित एकच असेल. इंजेक्शन तेव्हा सुरू झालं असतं तर हृदय तरी वाचलं असतं.” काय सांगू? तेव्हा मी दारू सोडत होतो, मॅडम. आयुष्यात कधी थेंब जिभेला लावला नाही, पण चार वर्षं दारू सोडत होतो.

गडचिरोलीची बस भरलेली होती. खिडकीची जागा मिळाली. चंद्रपूरपासून मूलपर्यंत काय काय गेलं ते डोळ्यांपुढून गेलं असेल, मी बघितलं नाही. माझ्या शेजारचा गृहस्थ सारखा घड्याळ बघत होता आणि मला माहीत होतं काय बघतो ते. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथं दारू उघडी झाली. पलीकडे आमचा गडचिरोली, तिथं बंदी. त्यामुळे नदीच्या अलीकडच्या थांब्यावर आमच्याकडची माणसं उतरतात, घाईनं दोन घोट मारतात आणि मागच्या गाडीनं पूल ओलांडतात. आमच्या गावात कोणी “चंद्रपूरला जाऊन येतो” म्हटलं की बाया एकमेकींकडे बघतात. मी सोनोग्राफीला गेलो, चंद्रपूर. सुई मारायला गेलो, चंद्रपूर. दर खेपेला संध्याकाळी थकून, पोट धरून, लाल तोंडानं गावात उतरलो. आणि तोंडात ओवा. पोटात कळ आली की मी ओवा चघळतो, बापही चघळायचा. गावानं त्याचाही अर्थ लावला, दारूचा वास मारायले खाते. गडचिरोलीतल्या ज्या डॉक्टरानं पहिल्यांदा यकृतावरचे डाग पाहिले त्यानंही पडद्यावरची नजर न काढता विचारलं होतं, “किती घेता रोज?” मी म्हटलं घेत नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात काका. तेव्हा लाल झालो होतो की नाही ते आठवत नाही. झालो असेन.

आमच्या घराण्यात मीच एक गोरा. आजी म्हणायची, हा कुठल्या साहेबाचा उचलून आणला. त्या गोरेपणाचं हे बक्षीस, दुसऱ्या कोणाच्या काळ्यासावळ्या गालावर ही लाली दिसलीही नसती. पहिल्यांदा दिसली ती विहारात, पौर्णिमेला. वंदना मी सांगायचो. वडील सांगायचे, त्यांच्यामागे मी. पंचशील सुरू होतं, मी पुढे म्हणायचं, लोकांनी मागून. चार शीलं झाली, पाचवं आलं, मादक पदार्थापासून दूर राहण्याचं, आणि मला का कोण जाणे, आदल्या दिवशी कोणीतरी केंद्रावर म्हटलेलं आठवलं, ग्रेडर पिऊन ग्रेड लावते. ओला धान परत पाठवला होता मी त्याचा. ते आठवलं आणि ऊब चढली. शब्द तोंडात अडकले. मागून सगळे थांबले. नंतर पोरांचं दबलेलं हसू ऐकू आलं. पुढच्या पौर्णिमेला मी पाचव्या शीलाच्या भीतीनं पहिल्या शीलापासूनच लाल होतो. तिसऱ्या पौर्णिमेला कमिटीच्या लोकांनी फार सभ्यपणे सांगितलं, देवाजीभाऊ, काही दिवस दुसऱ्याले म्हनू द्या. मी मागे भिंतीजवळ जाऊन बसायला लागलो. लहान पोरांनी नाव पाडलं, लालतोंड्या. जंगलातली माकडं असतात ना तसली. पोरांचा काय दोष, दिसायचोच तसा. पण एकदा आरशात मी स्वतःलाच बघितलं, ऊब चढलेली असताना, डोळ्यांत पाणी, गाल जांभळट, आणि मलाही वाटलं की हा माणूस प्यालेला आहे. खरं सांगतो, त्या दिवशी क्षणभर मलाच माझी शंका आली.

आणि इंदू. सगळं सांगून इंदूकडेच यावं लागतं. गावात तिला इंदुताई म्हणतात, पोरंसोरं, म्हातारी, पोलीसपाटीलसुद्धा. दारूबंदीच्या बायांच्या संघटनेची ती अध्यक्ष. संघटना होण्याआधी आमच्या गावात संध्याकाळी बायका दिवा लावायच्या आणि आपापली पोरं शेजारणीकडे नेऊन ठेवायच्या, एवढं सांगितलं की पुरे. इंदूनं ते थांबवलं. मोहाच्या दिवसांत ती बाया घेऊन जंगलात जायची, दारूसाठी आंबवत ठेवलेल्या सडव्याची मडकी फोडायची, अंगाला वास घेऊन यायची आणि विहिरीवर अंग घासून घासून धुवायची. मला तिचा किती अभिमान होता ते मी कधी बोललो नाही, आमच्याकडे बायकोला असं बोलत नाहीत. संघटनेचा नियम एकच. जो पिईल त्याचं नाव ग्रामसभेत भोंग्यावर पुकारायचं, त्यानं उभं राहून सगळ्यांपुढे कान धरायचे. माझं नाव इंदूनंच पुकारलं. दुसऱ्या कोणी पुकारलं असतं तर मी भांडलो असतो. ती कागद न बघता बोलली, चैतूचं नाव घेतलं, मग माझं. बापाच्या नावासकट. चैतू आणि मी शेजारी शेजारी उभे राहिलो. चैतू म्हणजे संघटनेतल्याच नीलाबाईचा नवरा, पट्टीचा पिणारा, कान धरायची त्याला लाज नव्हती. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “भाऊ, तू कुठचा माल पितेस गा? वासच येत नाई. मले बी सांग ना.” आता हसू येतं. तेव्हा सगळ्या सभेपुढे माझ्या तोंडाचा नुसता पळस फुलला होता आणि समोर इंदू भोंग्याचा दांडा धरून उभी होती, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, आजारी पडलो तर गोळी द्यायची. पण बोलणं गेलं. दिव्यानी, आमची एकुलती एक, नागपूरला नर्सिंग शिकते. तिचा फोन यायचा, शेवटी आवाज हळू करून म्हणायची, “बाबा, सोडा ना आता. आईसाठी तरी.” मी म्हणायचो, सोडली गं. काय करणार? घेत नाही म्हटलं की ती रडायची, सोडली म्हटलं की हसायची.

सावली गाव मागे गेलं. शेजारचा गृहस्थ उतरायच्या तयारीला लागला. माझ्या पिशवीत रिपोर्ट होता आणि मला एकदम लक्षात आलं की मी जिंकलोय. अरे, मी जिंकलो! लेखी आहे! सही आहे, शिक्का आहे. आता घरी जायचं, इंदूच्या पुढ्यात तो कागद आपटायचा आणि म्हणायचं, वाच. तुझ्या अध्यक्षपणाचा दिवा लाव आणि त्या उजेडात वाच. मग बोलाव तुझी सभा, आण तो भोंगा, पुकार माझं नाव. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा घासून धार लावत होतो. ऊब चढली, पण बसमध्ये कोणाचं लक्ष नव्हतं. चार वर्षं ज्या बाईच्या नजरेत मी गटारात पडलेलो होतो तिला एकदा तरी खाली बघायला लावायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं, मरायच्या आधी इंदूनं म्हणावं, चुकलं माझं, तुम्ही खरे होते. यापेक्षा मोठं काही मला नको होतं. हृदयाची झडप आखडो नाहीतर फाटो.

पूल आला. वैनगंगेत पाणी कमी होतं, मधे वाळूचे पट्टे, आणि कडेला कोणी म्हशी धूत होतं. पुलावर गाडी हळू झाली, पुढे सूरजागडकडच्या लोखंडाच्या खाणीच्या ट्रकांची रांग. त्या संथ गाडीत माझ्या डोक्यात पुढचं चित्र आलं आणि ते मला आवडलं नाही. इंदू कागद वाचेल. हुशार आहे, दोनदा वाचेल. लाली कधी सुरू झाली ते तिला माझ्याहून जास्त पक्कं माहीत आहे. मग ती हिशेब लावेल की त्या वेळी नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं सोडून मी त्याला सभेत उभं केलं. हे तिला कोणी समजावून सांगायला नको. मी सहा महिन्यांत जाईन, वर्षात जाईन, पण ती हे घेऊन वीस-पंचवीस वर्षं जगेल, सकाळी उठून चूल पेटवेल आणि हे आठवेल. इंदूला मी ओळखतो. एकदा तिच्या हातून वासरू दाव्याला अडकून मेलं होतं तर तिनं वर्षभर दूध तोंडाला लावलं नाही. मी स्वतःला विचारलं, तुला काय पाहिजे देवाजी, ती खाली बघायला पाहिजे की ती जगायला पाहिजे? खोटं कशाला बोलू, मला दोन्ही पाहिजे होतं.

पण गडचिरोलीला गाडी बदलली आणि चामोर्शीच्या गाडीत बसलो तोवर मनाचं ठरलं होतं. सांगायचं, पीत होतो. चंद्रपूरला जाऊन पीत होतो, लिव्हर गेलं, डॉक्टरनं हात टेकले. लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण माहीत. तिला राग येईल, आणि राग असला की माणूस उभं राहतं. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती बायांपुढे भाषणही करेल, पाहा, माझ्या घरात काय झालं ते. तिच्या संघटनेला एक मेलेला दारुडा मिळेल, तोही स्वतःच्या घरचा. यापेक्षा मोठी देणगी काय द्यायची? हे मनात आलं आणि मला माझ्याच मोठेपणाचं बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, आजारापेक्षा त्या बरं वाटण्यानं माझे डोळे भरून आले. रिपोर्ट मी शर्टाच्या आत, बनियनवर ठेवला. कागद घामानं चिकटला. ट्रकांच्या धुळीनं रस्त्याकडेची झाडं तांबडी झाली होती, आणि मोह गळायला लागलेला, सगळीकडे तो गोडसर वास.

उतरलो तेव्हा सूर्य कलला होता. पाय बुटात मावत नव्हते म्हणून बूट हातात घेतले आणि अनवाणी आलो. कोपऱ्यावरच्या बायांनी पाहिलं असणारच. बूट हातात, तोंड लाल, चंद्रपूरहून आलेला, आणखी काय पाहिजे! इंदू अंगणात बसून सुपात तूरडाळ निवडत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग सूप बाजूला ठेवलं आणि पाण्याचा गडू आणून दिला. मी पायरीवर बसलो. पाणी प्यायलो. ती उभी होती. मग तिनंच विचारलं, “डॉक्टर काय म्हने?”

“लिव्हर गेलं,” मी म्हणालो.

ती खाली बसली, माझ्यासमोर, जमिनीवर.

“पीत होतो मी,” मी म्हणालो. “तुले सांगत नव्हतो. चंद्रपूरले जायचो तवा. लय वर्षं झाली. तू म्हनत होतीस ते खरं होतं, इंदू.” हे सगळं मी एका दमात म्हटलं, वंदना म्हणायचो तसं, चढउतार न करता. आणि म्हणून झाल्यावर वाट पाहिली की आता ती शिव्या देईल, कपाळ बडवेल, भिंतीशी जाऊन रडेल.

“काऊन खोटं बोलता जी?” ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“तुमी पीत नोयते. मले मालूम हाय.” ती माझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघत होती, बोट काढलं की खळगा राहत होता. “पयल्यापासून मालूम होतं. एका घरात राह्यते बाई, एका अंथरुनावर. तिले नाई समजत का मानूस प्याला का नाई प्याला?”

राग यायला पाहिजे होता, आला नाही. “मंग सभेत नाव काऊन घेतलं माहं?” मी विचारलं, आणि माझा आवाज मला दिव्यानीच्या आवाजासारखा बारीक ऐकू आला.

“बाया पाह्यत होत्या,” ती म्हणाली. “नीलाबाई म्हने, माह्या चैतूचं नाव घेता, मंग तुमच्या घरचं लाल तोंड दिसत नाई का तुमाले? सगळ्या चूप झाल्या. मी म्हनलं असतं का नाई, माहा मानूस नाई पेत, तर हरेकीनं तेच म्हनलं असतं. माहा बी नाई पेत, त्याले उन लागलं, त्याले पित्त झालं. आठ दिवसांत पुन्हा मडके चढले असते. पोरी पुन्हा शेजारी झोपल्या असत्या.” तिनं पुन्हा पायावर बोट दाबलं. “मले वाटलं पित्त असन. खरंच जी, मले पित्तच वाटलं. चार दिवस लोक म्हनतीन अन् इसरून जातीन. तुमी तं शहाने, तुमी सोसून घ्यान असं वाटलं मले.”

“बोलत काऊन नोयतीस मंग?”

“कोन्या तोंडानं बोलू?” ती म्हणाली आणि माझा पाय मांडीवर घेऊन रडायला लागली, आवाज न करता, पदर दातात धरून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. दोन्ही हात बुटांत अडकलेले होते, कसे कोण जाणे, पाणी पिऊन मी बूट पुन्हा हातात घेतले होते. शर्टाच्या आतला कागद छातीला चिकटून होता आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. चार वर्षं मी ज्या एका माणसाला पटवण्यासाठी जीव टाकत होतो त्याला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं. मी खरा आहे हे माहीत असलेली बाई रोज मला भाकर वाढत होती. मी लिव्हरचं, गाठीचं, ग्रेडचं, झडपेचं सगळं सांगितलं तिला, बूट खाली टाकून कागद काढून हातात दिला. ती दोनदा वाचायला लागली, मला माहीतच होतं. “चार वर्षांआधी आलो असतो तं हृदय वाचलं असतं म्हने,” हेही मी सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवलेलं, तेच सांगितलं. तिनं कागद घडी करून मांडीखाली ठेवला. आणि मला ती ऊब यायला लागली, या खेपेला पोटापासून, सगळं अंग पेटल्यासारखं, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

“इंदुताई!” फाटकाशी नीलाबाई उभी होती, हातात काठी, मागे आणखी दोघीतिघी. मोहाचे दिवस, बाया जंगलात निघाल्या होत्या. नीलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तोंड, पाय, शेजारी पडलेले बूट. मग इंदूकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर किळस नव्हती, दया होती, ती इंदूसाठी. “आज बी पेऊन आले?” तिनं विचारलं.

इंदूनं डोळे पुसले. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, सगळं पाहिलं, आणि मग फाटकाकडे मान वळवली.

“हो,” इंदू म्हणाली. “तुमी चाला समोर. मी आलीच.”

तिनं माझा पाय हळूच खाली ठेवला, आत जाऊन तोंड धुतलं, पदर खोचला, आणि जाताना माझ्या उशाला घ्यायला म्हणून एक घोंगडी पायरीवर टाकून गेली. बाया निघून गेल्या. मी कोणाला हाक मारली नाही. सांगायला तोंड उघडायचं म्हटलं तर पटवून द्यायचं असं कोणीच उरलं नव्हतं.